छप्पर कापण्याआधी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "मुळे, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लोकांना जरा हलकंफुलकं वाचू द्या." मी हो म्हटलं आणि चार पानं गमतीजमती लिहूनही काढल्या. वाचल्या आणि फाडून टाकल्या. गमती खऱ्याच होत्या, पण त्या लिहिताना एक गोष्ट मी सारखी चुकवत होतो आणि ती चुकवून बाकीचं लिहिणं जमेना. म्हणून थोड्या गमती ठेवतो आणि मग ती गोष्ट सांगतो. ज्यांना हलकंफुलकंच हवं असेल त्यांनी फराळाची पानं उघडावीत, तिथे यंदा अनारशांवर चांगला लेख आहे म्हणे.

माझा धंदा नकली गाड्या बनवायचा. नकली म्हणजे पोलिसांनी पकडाव्यात अशा नव्हेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी विलायतेत दोन माणसांच्या, उघड्या, लांबलचक नाकाच्या स्पोर्ट्स गाड्या बनायच्या. नावं लिहीत नाही, वकील लोक हल्ली फार वाचतात. अस्सल गाडी हवी तर राजघराण्यात जन्म घ्यावा लागतो. ज्यांचा जन्म सिकंदराबादच्या सरकारी दवाखान्यात झाला ते माझ्याकडे यायचे. येताना एक जुनी साधी गाडी आणायचे आणि तीन-चार महिन्यांनी तिच्यातूनच निघालेली स्पोर्ट्स गाडी घेऊन जायचे. अंबरपेठेत माझी पत्र्याची शेड होती. आजोबा नांदेडकडचे शेतकरी, वडील पाटबंधारे खात्यात कारकून आणि मी आयटीआय करून बसच्या डेपोत पाने फिरवता फिरवता या नादाला लागलो. आमच्या घराण्यात प्रत्येक पिढीने वेगळं काहीतरी नांगरलं, असं माझी बायको म्हणते.

ज्या साध्या गाडीतून माल घ्यायचा तिला आम्ही डोनर म्हणायचो. डोनर कुठलीही चालत नाही. लांब नाकाच्या गाडीत इंजिन पुढे असतं आणि ओढ मागच्या चाकांना. आजकालच्या गाड्यांचं सगळंच पुढच्या चाकांवर, तोंड आखूड. त्यांचं काही होत नाही. म्हणून पद्मिनी, ॲम्बॅसडर, काँटेसा. त्यातही माझं प्रेम पद्मिनीवर. हलकी, सरळ स्वभावाची आणि मागेल ते देणारी. डोनरचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस, स्टिअरिंग आणि ब्रेक आपण ठेवायचे. अंगावरचा पत्रा जायचा. चौकोनी पाइपांची नवी चौकट करून त्यावर हे सगळं बसवायचं आणि वरून हाताने ठोकलेली नवी बॉडी.

ही बॉडी ठोकणारे युसुफभाई. त्यांच्याइतका चांगला डेंटर मी पाहिला नाही. वाळूची पिशवी, लाकडी हातोडा आणि सपाट पत्रा, एवढ्यावर हा माणूस असा गोलवा काढायचा की हात फिरवावासा वाटावा. गंमत अशी, की अस्सल गाडी आम्ही दोघांनी जन्मात पाहिली नव्हती. पहिली गाडी आम्ही वीतभर खेळण्यावरून केली. खेळणं मोजायचं, पटीत वाढवायचं, प्लायवूडचे कापे करून साचा उभा करायचा आणि त्यावर पत्रा बसवून बघायचा. गाडी झाली, फार देखणी झाली, पण तिच्याकडे पाहिलं की ती घाबरल्यासारखी दिसायची. कारण कळायला महिना लागला. खेळणी बनवणारे लोक दिवे मुद्दाम मोठे करतात, पोरांना आवडतात म्हणून. आम्ही तेच दिवे प्रामाणिकपणे पटीत वाढवले होते.

त्याच गाडीच्या वेळी दुसरा धडा मिळाला. छप्पर म्हणजे नुसती सावली, असा माझा समज होता. पद्मिनीला वेगळी चौकट नसते, तिचं अंग हीच तिची चौकट. म्हणून खाली नवी चौकट जोडेपर्यंत तिने तग धरावा यासाठी दारांच्या मोकळ्या जागेत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून मगच छप्पर कापायचं असतं. आम्ही आधी कापलं. गाडी मधोमध खाली बसली, चारही दारं जाम, आणि युसुफभाई आत. छप्पर नव्हतं म्हणून वरून ओढून काढले.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक बांधकामवाले रेड्डी गारू, म्हणजे आपले रेड्डीसाहेब, होते. त्यांना दोन सीटांचीच गाडी हवी होती, पण तिच्यात पाच माणसं बसायला हवी होती. "अम्मा, नान्ना, पिल्ललु, अंदरू कूर्चोवालि," असं हात जोडून सांगायचे. आईवडील, पोरं, सगळे बसले पाहिजेत. वर स्पीडब्रेकरला पोट घासता कामा नये. आम्ही मागे एक बाक वाढवला आणि गाडी वीतभर उचलली. युसुफभाई लांब उभे राहून म्हणाले, "ये कार नै है मुळे साब, शादी की बग्गी है." रेड्डी गारूंनी तिचा नेमका तोच उपयोग केला. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत मनापासून समाधानी असा तो एकच माणूस.

आता ती गोष्ट. तिच्यासाठी आधी माझा एक नियम सांगायला हवा. सुरुवातीच्या दिवसांत एकाने आखातात गेलेल्या भावाची गाडी स्वतःची म्हणून आणून दिली. भाऊ परत आला तेव्हा गाडीचा सांगाडा उरला होता, आणि तो भाऊ पोलीस घेऊन शेडमध्ये उभा. त्यानंतर मी ठरवलं, की कागद ज्याच्या नावावर त्यानेच गाडी चालवत आणून द्यायची, माझ्यासमोर किल्ली हातात ठेवायची, मगच छपराला कटर लागेल. नियम मानगूट वाचवण्यासाठी होता. पुढे मात्र लोकांना सांगताना मी त्याला भावनेचा मुलामा दिला. गाडीचा निरोप घ्यायला मालकाने यावं वगैरे. एकदोन पेपरवाल्यांनी तेही छापलं आणि मलाही ते खरं वाटायला लागलं.

अभिजित नांदापूरकर आला तेव्हा माझ्याकडे काम नव्हतं. गाड्यांत फेरफार करायचे सरकारी नियम कडक व्हायला लागले होते, डोनर मिळेनाशा झाल्या होत्या. हा हायटेक सिटीत नोकरीला, पस्तिशीचा, बोलायला गोड. फिकट निळी पद्मिनी घेऊन आला. मी दारांच्या खालच्या कडा चाचपल्या, गंज नाही. चटईखाली हात घातला, गंज नाही. अशी पद्मिनी मला कित्येक वर्षांत भेटली नव्हती. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू.

"कागद कोणाच्या नावावर?" मी विचारलं.

"बाबांच्या. ते वारलेत काका, सहा वर्षं झाली. ॲक्च्युअली, आता मीच बघतो सगळं."

मृत्यूचा दाखला होता, वारस म्हणून त्याने सही केली. मालक या जगात नाही, तेव्हा तो चालवत आणणार कसा? माझ्या हिशेबाने नियम पाळला गेला.

पण मी गाडी रिकामी करताना जे पाहिलं तेही लिहितो. ड्रायव्हरच्या सीटवर उशी बांधलेली होती. क्लचच्या पेडलवर लाकडाचा ठोकळा स्क्रूने बसवलेला होता, पाय पुरावा म्हणून. पुढच्या कप्प्यात खडूची अर्धी पेटी, चष्म्याचं रिकामं घर आणि केसांच्या पिना. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या गाडीत केसांच्या पिना. मी त्या सगळ्या वस्तू पिशवीत भरून अभिजितला दिल्या आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर गाडी हातची गेली असती, हे मनात कुठेतरी ठाऊक होतं. ठोकळा पेडलसकट भंगारात गेला. दारांत पाइप वेल्ड केले, छप्पर कापलं.

तीन महिन्यांनी एका दुपारी शेडपुढे रिक्षा थांबली. ठेंगणीशी बाई उतरली, सुती साडी, हातात छत्री आणि कापडी पिशवी. रिक्षा तिने सोडून दिली. "मुळे आपणच का? मी अभिजितची आई, कुमुद. गाडी कुठवर आली ते बघावं म्हटलं."

मुलाच्या हौसेचं कौतुक बघायला आई आली, या कल्पनेने मी अगदी खूश झालो. गाडी रंगून उभी होती. लाल, उघडी, लांब नाकाची. मी तिच्यावरची चादर ओढली आणि बोलत सुटलो. कुमुदबाई मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, त्यांचे प्रश्न मोजके आणि नेमके.

"इंजिन एवढं मागं का घेतलंत?"

"नाक लांब दिसावं म्हणून, बाई. शिवाय वजन मधोमध येतं, वळणावर गाडी धरून राहते."

"आणि गिअर? तो तर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो."

"तो खाली आणला. स्पोर्ट्स गाडीला खालीच शोभतो."

"छपराचं काय केलंत?"

"छप्पर कापलं की. दारं भंगारात. ती काय करायची आता!" मी हसत होतो.

"कापलेलं परत बसवता येतं का?"

"नाही बाई, ते नाही होत."

त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे सगळं छान आहे. माझी गाडी कुठं आहे?"

"हीच की बाई!"

"नाही हो. माझी. निळी. मी बहिणीकडे नांदेडला गेले होते तेव्हा अभिजितनं तुमच्याकडं टाकली. इंजिनचं काम निघालंय म्हणाला. तीन महिने झाले, काय करायलेत तरी काय ते लोक, म्हणून बघायला आले."

माझ्या हातात चादर तशीच होती. युसुफभाईंना मराठी पुरतं समजत नाही, पण त्यांनी हातोडा खाली ठेवला. मी काय बोललो ते आठवत नाही. बाई स्टुलावर बसल्या. 

"क्लचवर एक ठोकळा होता," त्या म्हणाल्या. "ह्यांनी स्वतः तासून बसवला होता."

मी मान हलवली.

"मी रिक्षा सोडून दिली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता आपली गाडी घेऊनच घरी जाऊ."

आयुष्यात मला पुष्कळ लोक बोललेत. डेपोतल्या साहेबांनी शिव्या दिल्यात, पोलिसांनी दिल्यात. या वाक्याइतकं काही लागलं नाही.

अभिजितला बोलावून घेतलं. तो आला आणि आईला तिथे बघून दारातच थांबला. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तो माझ्याशी बोललाच नाही. "आई, तू सत्तर पार केलीस. मागच्या वर्षी दोनदा गेटला घासलीस. शाळा सुटायच्या वेळेला त्या रस्त्यावरून जातेस. एखाद्या पोराला लागलं असतं तर? तुला सांगून सांगून थकलो मी. तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तू विचारलं नाहीस. एवढं तरी कबूल कर."

 मुलगा वाईट नव्हता. त्याला भीती वाटत होती आणि त्याला लाल गाडीही हवी होती, आणि दोन्ही एका कामात होतंय हे पाहून त्याला हायसं वाटलं असणार. मला तरी दुसरं काय झालं होतं?

मी म्हटलं, लाल गाडी मोडतो, इंजिन आणि नंबर परत काढतो. बाईंनी हात वर केला. "त्याचं मोडून माझं नको. मला कुणाची खोड मोडायची नाही. गुरुवारी मलकपेठला जावं लागतं. माझी मैत्रीण आहे, शाळेतली, अंथरुणाला खिळलेली. भाजी आणायची असते. कुणाला विचारल्याशिवाय घराबाहेर पडायची माझी एवढी एकच सोय होती, मुळे."

त्यांना हिमायतनगरला घरी सोडताना मी शब्द दिला. तुमची गाडी जशी होती तशी करून देतो. कशी होती ते फक्त मला सांगा. आयुष्यभर जी गाडी पाहिली नाही तिची नक्कल केली. ही तर माझ्या शेडमध्ये उभी होती.

बाईंनी वहीत लिहून दिलं. वळणदार अक्षर, आकडे घालून मुद्दे. तिसरा गिअर टाकताना दांडा जरा आपल्याकडे ओढावा लागतो. ड्रायव्हरच्या बाजूची तिकोनी काच अर्धीच उघडते. हॉर्नचा आवाज बारीक आहे. दार लावताना थोडं उचलावं लागतं. असे सत्तावीस मुद्दे.

बीदरकडच्या एका गावात, एका निवृत्त मास्तरांच्या गोठ्यात पद्मिनी सापडली. टपावर कडबा, आत कोंबड्या. शोधताना कळलं की पद्मिनी आता मिळतच नाहीत, आणि का मिळत नाहीत याच्या कारणांत मीही एक होतो. मी स्वतः सहा कापल्या होत्या. आजकाल मुलं फोन करतात, "अंकल, ओरिजिनल पद्मिनी आहे का कुठे?" लाल नकली गाडी कुणी विचारत नाही. ज्यांना मी भंगार समजत होतो त्या गाड्यांची माणसं आता पूजा करतात.

काम सुरू झालं, आणि आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच आधीचं सगळं लिहिलं.

चार महिन्यांत गाडी चालायला लागली. ब्रेक उत्तम, इंजिन गोड. बाईंचा फोन आला, "चालते का?" मी म्हटलं चालते. "मग द्या की. रंगाचं मागाहून बघू."

मी दिली नाही.

मला ती तंतोतंत हवी होती. जुन्या गाडीच्या पुढच्या कप्प्याचं झाकण शेडमध्ये राहिलं होतं, त्यावरून निळा रंग जुळवायचा होता. दोनदा लावला, दोनदा घासून काढला. हॉर्न मिळेना. दार उचलून लावावं लागलं पाहिजे म्हणून बिजागरी किंचित वाकवायची होती. युसुफभाई वैतागले. "जिंदगी भर टेढे दरवाजे सीधे किया मैं. अब अच्छा-भला दरवाजा टेढा करो बोलरे तुम?" मी म्हटलं, हौ, टेढाच पाहिजे. तिसऱ्या खेपेला जमलं. तेव्हा आम्ही दोघांनी दार दहादा लावून पाहिलं आणि एकमेकांकडे बघून हसलो. सहाव्या महिन्यात बाई शेडमध्ये येऊन गेल्या. म्हणाल्या, "लायसन्सची मुदत संपलीय. डॉक्टरचा दाखला लागतो. गाडी आली की करीन." मी म्हटलं, "अजून थोडंच राहिलंय बाई." त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मला चालणारी गाडी पाहिजे, मुळे," एवढंच बोलल्या. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही. नकला करणाऱ्या माणसाला हा रोग असतो. त्याला वाटतं, सारखं दिसलं की पाप फिटलं.

शेवटी दहा महिने लागले. दहा महिने बाई रिक्षाने फिरल्या. गुरुवारी अभिजित वेळ असेल तेव्हा सोडायचा. वेळ नसेल तेव्हा मैत्रिणीला फोनवर "पुढच्या गुरुवारी येते" असं सांगायचं.

एका सकाळी मी पद्मिनी हिमायतनगरला त्यांच्या दारात नेऊन उभी केली. बाई खाली आल्या. लायसन्सचं काही झालं नव्हतं. मी म्हटलं, गल्लीच्या टोकापर्यंत बघा नुसती, मी बसतो शेजारी. त्या दार उघडून आत बसल्या, दार उचलून लावलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की माझे दहा महिने फिटले असं मला वाटलं. उशी, आरसा, तिकोनी काच अर्धी उघडून बघितली. क्लचवर मी सागवानाचा ठोकळा तासून बसवला होता. त्यावर त्यांनी पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"सगळं आहे," त्या म्हणाल्या. "एकही मुद्दा सुटला नाही."

चोक ओढला, किल्ली फिरवली. पहिला गिअर. गाडी हलली. समोरच्या फाटकातून एक माणूस पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन बाहेर आला, तो तसा लांब होता, आरामात रस्ता ओलांडत होता. बाईंनी ब्रेक मारला, क्लच सुटला आणि इंजिन हिसका देऊन बंद पडलं. मागून एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला. त्यांनी पुन्हा सुरू केली.  गाडी चार हात गेली आणि पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा त्यांनी किल्लीला हात लावला आणि तसाच ठेवला.

"पूर्वी भीती कधी वाटली नाही हो," त्या म्हणाल्या. "रोज चालवत होते ना. रोज चालवताना भीती वाटायला सवडच होत नव्हती."

मी म्हटलं, होईल सवय, चार दिवस मी येतो रोज. त्यांनी मान हलवली. नापास मुलींना निकाल सांगताना बाई जशा मान हलवतात तशी.

"तुमच्या कामात काही कमी नाही, मुळे. लवकर दिली असतीत तर बरं झालं असतं."

  अभिजितने गाडी नेली, मी छप्पर कापलं, पण ते दोन्ही बहुधा भरून आलं असतं. चौथ्या महिन्यात बाई चालवू शकत होत्या. पुढचे सहा महिने मी रंग जुळवत होतो. ते सहा महिने माझे एकट्याचे आहेत, त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही. युसुफभाईंना कानांनी आता ऐकू येत नाही. त्यांना हे मी कधी सांगितलं नाही. त्या दाराचा त्यांना अजून अभिमान आहे. त्यानंतर मी शेड बंद केली. लोकांना सरकारी नियमांचं कारण सांगतो.

त्या सकाळी बाई गाडीतून उतरल्या, समोरून वळसा घालून डाव्या बाजूला आल्या. मी सरकून स्टिअरिंगमागे बसलो. "आज गुरुवार आहे," त्या म्हणाल्या. "मला मलकपेठला सोडता का?"

मी गाडी काढली. हिमायतनगरहून मलकपेठला जायचं म्हणजे सिग्नल काय थोडे आहेत! बाई पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होत्या.  पहिल्या सिग्नलला मी ब्रेककडे पाय नेला आणि त्याच्या आधी शेजारी काहीतरी दबलं. खाली पाहिलं. त्यांची चप्पल चटईवर घट्ट रोवलेली होती. पुढे एक बस अचानक बाजूला आली, पुन्हा चप्पल चटईवर. एक पोरगा फुटपाथवरून उतरणार होता, मला दिसला नव्हता. त्यांचा पाय पडला, मी त्यांच्याकडे पाहून ब्रेक मारला, आणि मगच तो पोरगा समोरून पळाला. मलकपेठ येईपर्यंत हे असंच चाललं. प्रत्येक वेळी त्यांचा पाय माझ्याआधी पडत होता, आणि एकदाही चुकीचा पडला नाही.